माझ्या वाट्याची अर्धी पोथी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. श्रीकांतजवळही नाही—आणि तो माझा नवरा आहे, एकवीस वर्षं एका घरात राहतोय, माझ्या घोरण्याची नक्कल करून दाखवतो. लेकीजवळ नाही. ज्या एका माणसाला सांगायला हवं होतं ती माझी ताई फेब्रुवारीत गेली. म्हणून आता तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, त्यामुळे जरा सोपं जाईल असं वाटतं. जाईल का?

एक मात्र आधीच सांगते. ताईविषयी लिहायला बसले की मला हसू येतं. सुतकातसुद्धा येत होतं. तेव्हा मधूनच मी हसले तर मला दुःख नाही असं समजू नका—ती होतीच तशी.

ताई सांगलीला, मी दुबईला. ती ब्लाउज शिवायची. तिच्या हातचा ब्लाउज घातला की बाई दोन इंच उंच चालते असं गल्लीत म्हणत. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मी अल क्वोजमधल्या एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. म्हणजे इमारतींचे नकाशे येतात, त्यांवर शेरे पडतात, ते परत जातात, सुधारून पुन्हा येतात—कुठला नकाशा कुणाकडे किती दिवस पडून आहे हे मला माहीत असतं. चौदा वर्षांत माझ्या टेबलावर काही पडून राहिलेलं नाही. इंजिनिअर लोक मला घाबरतात. एका इजिप्तच्या इंजिनिअरने तर माझं नावच 'मॅडम यल्ला', म्हणजे 'मॅडम चला-आटपा', ठेवलं आहे.

आणि घरी? अल बर्शाच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलचे पडदे चार वर्षं जमिनीवर लोळत होते, कारण खालची पट्टी दुमडून घ्यायची राहिली होती. शिवणाऱ्या बाईची सख्खी बहीण मी. दाढ दुखायची, मी दुसऱ्या बाजूने चावायचे. मैत्रिणीच्या आईला भेटून यायचं होतं, तोवर त्या आपल्या मुलाकडे कॅनडाला निघून गेल्या. हे असं. हे सांगून मी माझा दोष लहान करून दाखवतेय का? कदाचित. पडद्यांवर लोक हसतात. पुढचं हसण्यासारखं नाही—म्हणजे, थोडं आहे.

आमच्या माहेरच्या गावच्या देवीची एक पोथी आहे. छत्तीस अध्याय, ओव्यांमधली, कुठल्याशा लहान छापखान्यात छापलेली. तो छापखाना बंद होऊन जमाना झाला. गावात एक-दोन प्रती होत्या, त्या पुरात गेल्या. उरली ती आईची. आई दर श्रावणात ती वाचायची आणि शेवटच्या शुक्रवारी समाप्ती करायची. ती गेली तेव्हा पोथीची शिवण पार झिजली होती. आम्ही दोघी कपाटं आवरत होतो, ताईने पोथी उचलली आणि ती बरोबर मधून दुभंगली—अठरा अध्याय तिच्या हातात, अठरा खाली. ताई म्हणाली, "घे, देवीनेच वाटणी करून दिली. भांडायला नको."

तशी वाटणी झाली. पहिला भाग ताईचा, दुसरा माझा. श्रावणाचे पहिले पंधरा दिवस ताईने वाचायचं, पुढचे मी. दोघींचं मिळून एक पारायण. ताईला ती कल्पना इतकी आवडली की तिने ती साऱ्या गल्लीला सांगितली: आमचं पारायण सांगलीत सुरू होतं आणि दुबईत संपतं.

ते दुबईत कधीच संपलं नाही.

लिहिलं एकदाचं. नऊ श्रावण गेले. मी एकदाही वाचलं नाही. एक अध्यायसुद्धा नाही.

वाचायचं नव्हतं असं नाही हो. फार वाचायचं होतं—नीट वाचायचं होतं. अंघोळ करून, समई लावून, घर शांत असताना, मन शांत असताना. मी पुस्तकातली बाई. कादंबरी असली तर भाजी करपेपर्यंत वाचत उभी राहते. पण पोथी म्हणजे असं उभ्याउभ्या वाचायची गोष्ट नाही, असं मी स्वतःला सांगितलं. पहिल्या वर्षी शेवटच्या शुक्रवारी इथल्या सकाळी सहालाच ताईचा फोन आला. "झाली का समाप्ती?" मी म्हटलं, "झाली गं." मनात होतं, संध्याकाळी बसून अठराच्या अठरा वाचून टाकीन—म्हणजे ते खोटंही राहणार नाही. ताई म्हणाली, "मग टाकते तेल तापायला." ती समाप्तीशिवाय नैवेद्य करत नसे. संध्याकाळी पाहुणे आले. शनिवारी मी विसरले नव्हते, रविवारी विसरले.

दुसऱ्या वर्षी वाटलं, आधी गेल्या वर्षीचं राहिलेलं वाचावं, मग यंदाचं. म्हणजे छत्तीस बैठका. एवढा वेळ कुठून आणायचा? तिसऱ्या वर्षी ते डोंगराएवढं झालं होतं. आणि पोथी लाल फडक्यात, देव्हाऱ्याच्या खालच्या खणात, माझ्याकडे—छे, पोथी कुणाकडे बघत नाही. मीच बघायची नाही.

आता वड्यांचं सांगते.

पोथीच्या शेवटच्या अध्यायात मोठं जेवण आहे. देवी गावात येते, गाव तिला जेवायला घालतं, पानापानावर पदार्थांची नावं. लहानपणी आई तो अध्याय वाचायला लागली की आम्ही दोघी तिच्या दोन गुडघ्यांना टेकून बसायचो. बासुंदी, घीवर, साखरभात, मांडे—आमच्या तोंडाला पाणी सुटायचं. आणि सगळ्यात शेवटी देवी ती सारी पक्वान्नं सोडून काहीतरी भलतंच मागते, ते ऐकून आम्ही दोघी लोळून हसायचो, एवढं दोघींनाही आठवत होतं. काय मागते ते कुणालाच आठवत नव्हतं.

दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी ताईने फोनवर विचारलं, "शैले, शेवटचा भाग तुझ्याकडे आहे म्हणून विचारते. देवी शेवटी मागते ते काय गं? कोहळ्याचे वडे का? मला आपलं वडेच डोक्यात येतंय."

पोथी माझ्यापासून सहा पावलांवर होती. उठायचं, खण उघडायचा, शेवटचं पान बघायचं. मी म्हटलं, "हो, वडेच."

तेव्हापासून ताई समाप्तीच्या नैवेद्याला कोहळ्याचे वडे करू लागली. गल्लीतल्या पाच बायकांना बोलावून, पानात वाढताना सांगायची—देवीने स्वतः मागितलेत, नाही म्हणायचं नाही. दरवर्षी. माझ्या एका शब्दावर पाच बायका वडे खात होत्या. मला फोटो यायचे.

सांगा, कोणी कशासाठी असं करतं? सहा पावलांसाठी?

गेल्या दिवाळीत ताईचे डोळे गेले. साखरेने गेले, त्याआधी मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. खाण्यावर इतकी बंदी की तिची सून मेघा पाणीसुद्धा मोजून द्यायची. भाऊबीजेच्या दिवशी ताई फोनवर म्हणाली, "मला आता माझा अर्धा भाग वाचता येत नाही, पण तो मला तोंडपाठ आहे. तुझा अर्धा मात्र आई गेल्यापासून कानावर पडला नाही. तू तो वाचून, रेकॉर्ड करून पाठव. रोज एक अध्याय. मी मशीनवर पडल्या पडल्या ऐकीन." मग थांबून म्हणाली, "ते जेवण ऐकायचंय मला. खायला बंदी आहे, ऐकायला कुठे बंदी आहे?"

मी म्हटलं, उद्यापासून पाठवते.

अकरा आठवडे गेले. मोजलेत मी. घरात मिक्सरचा आवाज येतो म्हणून. मग चांगला माइक मागवला—तो डब्यातच राहिला. मग ईराच्या परीक्षा. ईरा माझी लेक, चौदा वर्षांची, मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. मला फोन हातात घेऊन बसलेली बघून म्हणाली, "मॉम, जस्ट हिट रेकॉर्ड. इट्स नॉट अ पॉडकास्ट." मी तिला म्हटलं, तुला नाही कळायचं, त्याला एक तयारी लागते. पुढे पोथी गाडीत ठेवली, ऑफिसजवळ कुठेतरी शांत जागा मिळेल म्हणून. तीन आठवडे पोथी माझ्याबरोबर अल बर्शा ते अल क्वोज, अल क्वोज ते अल बर्शा अशी फिरत होती. ताई मधून मधून विचारायची, कधी चिडून नाही. "अगं, देवीला व्हिसा मिळाला नाही का अजून?"

आणि मग एक साधीशी गोष्ट घडली. एवढी साधी की सांगायला संकोच वाटतो.

आमच्या ऑफिसात बशीरभाई आहेत. हैदराबादचे, साठीला आलेले, माझ्याच खोलीत बसतात. अजान झाली की उठतात. मी हे चौदा वर्षं बघत होते, म्हणजे बघत नव्हते. त्या दिवशी ते साइटवर जायचं एक पत्र टाइप करत होते, अर्ध्या वाक्यात होते, आणि उठले. अर्ध्या शब्दात! मला राहवलं नाही. म्हटलं, "बशीरभाई, दो लाइन बची हैं, पूरा करके जाइए ना."

ते म्हणाले, "मॅडम, लाइन तो इधरच बैठी है, कहाँ जाती."

ते परत आल्यावर मी विचारलं—का विचारलं ते तुम्हाला आता कळेलच—की रोज पाच वेळा, दर वेळी मन लागतं का? ते इतके हसले की चहा सांडला. "कहाँ की बात करते आप! आधे टाइम तो दिमाग में बिर्यानी पकती रहती. मगर खडा हो जाता मैं. दिल को आना है तो पीछे से आ जाता, नहीं तो नहीं."

जेवणाच्या सुट्टीची वीस मिनिटं उरली होती. मी गाडीत जाऊन बसले. बाहेर ट्रक मागे घेताना वाजतात तसा आवाज, कुठेतरी लोखंड कापत होते. अंघोळ सकाळची, हाताला डब्यातल्या लोणच्याचा वास. फडकं सोडलं. आधी शेवटचं पान बघितलं—नऊ वर्षांनी. देवी शेवटी काय मागते ते वाचलं.

वडे नव्हते.

सगळे जेवून उठलेत, देवी मात्र वाढण्यात गुंतलेली. ती शेवटी बसते तोवर भांडी रिकामी. बायका लाजतात, नव्याने रांधतो म्हणतात. देवी म्हणते, नको, बासुंदीच्या कढईची खरवड काढून द्या मला. खरवड! दुधाच्या पातेल्याच्या तळाची, चमच्याने खरडून काढायची. जिच्यासाठी ताई आणि मी लहानपणी एकमेकींच्या वेण्या ओढल्या, ती. म्हणून आम्ही तेव्हा लोळून हसायचो—देवीला पण!

मी गाडीत एकटी मोठ्याने हसले. आणि हसता हसता लक्षात आलं, आता हे ताईला कळणार होतं. छत्तिसाव्या अध्यायाला.

तरी मी रेकॉर्डचं बटण दाबलं. एकोणिसावा अध्याय. नऊ मिनिटं. तीनदा अडखळले, एक ओवी दोनदा वाचली, मागे लोखंड कापतच होते. पाठवून दिला.

त्यानंतरचे पंधरा दिवस—कसं सांगू? मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. रोज दुपारी एक अध्याय, रोज संध्याकाळी ताईचा निरोप. पहिल्याच दिवशी तिचा आवाज: "आला गं आला! मेघा, शैलाचा अध्याय आला! पण काय गं, नऊ वर्षं वाचतेस आणि अशी अडखळतेस जशी दुसरीतली पोरगी?"

मी उत्तर पाठवलं: "चष्म्याचा नंबर वाढलाय."

बघितलंत? हलकं वाटत होतं, आणि त्यातही मी खोटं बोलले. ते किती सहज आलं.

मग ताईने तो आवाज डायलिसिसच्या खोलीत स्पीकरवर लावायला सुरुवात केली. तिथे चार मशीन, चार माणसं, चार-चार तास. तीन नंबरला एक निवृत्त पोस्टमन काका होते, ते आधी म्हणाले, पोथी कसली, मॅच लावा. एकविसाव्या अध्यायात देवीची पालखी देवळाच्या दारापुढेच चिखलात रुतते, गावचे सगळे मोठे लोक खांदा देऊन घामाघूम होतात आणि पालखी हलत नाही. शेवटी कळतं की पुजाऱ्याने देवीच्या अंगावरचा अर्धा शालू चोरायला देवळात दाबून ठेवलाय, तो दाराला अडकलाय. काका तेव्हा इतके हसले की नर्स धावत आली, सुई हलली म्हणून ओरडली. पुढच्या खेपेपासून ते विचारू लागले, "दुबईचं आलं का?" ताई सांगायची, "शैले, आमच्या मशीनवाल्या मंडळींना तुझा अध्याय नसला तर रक्त साफ होत नाही."

आणि मी—ऐका तरी—त्या पंधरा दिवसांत मी पडदे शिवले. हाताने, दोन संध्याकाळी, श्रीकांत ताकाचा ग्लास घेऊन दाराशी उभा राहून बघत होता, जणू मी सर्कशीत आहे. दाढ काढून घेतली. कॅनडाला फोन केला, मैत्रिणीच्या आईशी पाऊण तास बोलले. काही करायला मूड लागतो ही माझी समजूत कुठे गेली कोण जाणे. बशीरभाई उठले की मीही उठायचे. ते त्यांच्या चटईकडे, मी माझ्या गाडीकडे. एकदा ते लिफ्टपाशी म्हणाले, "आपका भी कुछ चालू हो गया, मॅडम?" मी म्हटलं, "हो गया, बशीरभाई. बिर्यानी के साथ."

असं वाटतं इथेच थांबावं. मला आवडतो हा भाग.

पण तेहतिसावा अध्याय झाला. उरले तीन. ताईचा निरोप आला: "आता जेवण जवळ आलं. मेघाला सांगून ठेवलंय, छत्तिसाव्याच्या दिवशी काकांना आणि सगळ्यांना सांगणार, आता वडे येतात बघा. मी कधीपासून त्यांना वड्यांचं सांगून ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गाडीत बसले. पोथी उघडली. आणि बंद केली.

हे आळसाचं नव्हतं. मला आता आळस आणि दुसरं काही यातला फरक कळला होता. मला वाचायचं होतं, आवाज चांगला होता, वीस मिनिटं हातात होती. मला फक्त पकडलं जायचं नव्हतं. चौतीस, पस्तीस, छत्तीस—आणि मग खरवड. मग ताई म्हणणार, अगं, वडे कुठेत? मग एक-एक करून नऊ वर्षं. मी विचार केला, दोन दिवस जाऊ देत, काहीतरी सुचेल. शेवटचा अध्याय बदलून वाचता येईल का, असंही मनात आलं. देवीच्या तोंडी वडे घालायचे. हो, आलं मनात.

मी निरोप पाठवला: घसा बसलाय.

एक दिवस. दोन. ताईने ज्येष्ठमध चघळायला सांगितलं, हळदीच्या गुळण्या सांगितल्या. काकांनी त्यांच्यातर्फे मिठाच्या गुळण्या सांगितल्या. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बोलू नकोस, आवाजाला विश्रांती दे. घाई काय आहे? मी कुठे पळून जातेय?" चौथ्या दिवशी निरोप आला नाही, मशीनचा दिवस होता, थकली असेल म्हटलं. पाचव्या दिवशी सकाळी मेघाचा फोन आला. झोपेतच गेली होती.

माझा घसा ठणठणीत होता.

मी सांगलीला गेले, सगळं केलं, तेरावा झाला, परत आले. तिथे लोक ताईच्या आठवणी सांगून हसत होते, मीही हसले. पोस्टमन काका भेटायला आले होते, हाताला पट्टी. म्हणाले, "ताईंमुळे चार तास कळायचे नाहीत. शेवट तेवढा राहिला हो. पाठवा बरं वाटेल तेव्हा." मी हो म्हटलं.

परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याच गाडीत, मी उरलेले तीन अध्याय ओळीने वाचले, रेकॉर्ड केले. तिन्ही मिळून सव्वीस मिनिटं लागली. पाठवले नाहीत.

तेव्हापासून मी रोज वाचते. माझ्या वाट्याचा अर्धा, अठरा दिवसांत एक आवर्तन, मग पुन्हा एकोणिसाव्यापासून. आता अडखळत नाही. कधी लक्ष लागतं, कधी समोरच्या ट्रकवरचं काय काय वाचत बसते, पण अध्याय होतो. शुक्रवारी ईरा गाडीत असते तेव्हा तीही ऐकते. परवा पालखीच्या अध्यायाला ती खदखदून हसली आणि चक्क मराठीत म्हणाली, "पुजारी चोर आहे!" मला वाटलं, ताईला सांगावं. मला रोज काहीतरी ताईला सांगावंसं वाटतं, आणि त्यात आनंदच जास्त असतो. हे असं असेल हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तरी ते तीन अध्याय फोनमध्ये पडून आहेत. पाच महिने. माझ्या टेबलावर एखादा नकाशा पाच महिने पडून राहिला असता तर मी त्या इंजिनिअरला काय काय ऐकवलं असतं?

आणि मग मेघाचा मेसेज आला. श्रावण जवळ आलाय. वर्षाच्या आत सण करायचे नाहीत, पण नैवेद्य मोडायचा नाही असं ताईने तिला सांगून ठेवलंय. पहिला भाग ती वाचणार आहे. "मावशी, तुमची समाप्ती झाली की कळवा, मग तेल ठेवते. वड्यांना कोहळा किती किलो लागतो ते आईंनी लिहून नाही ठेवलं, तुम्हाला माहीत आहे का? आणि पोस्टमन काका शेवटचं विचारत असतात. त्यांनाही बोलावणार आहे."

तो वाचला आणि मी हे लिहायला बसले. सावकाश लिहितेय, मला सावकाशच लिहिता येतं. अकरा दिवस झाले. वाक्य खोडते, पुन्हा लिहिते, नीट व्हायला हवं म्हणते. आणि आज मधेच लक्षात आलं की नीट व्हायला हवं हे माझं जुनंच वाक्य आहे. मेघाला उत्तर द्यायचं राहिलंय आणि मी तुम्हाला पत्र लिहीत बसलेय. हीसुद्धा ढकलाढकलीच की!

म्हणून दुपारी गाडीत तिला आधी तीन अध्याय पाठवले. मग खाली लिहिलं:

"मेघा, वडे नाहीत. देवी खरवड मागते, छत्तिसाव्यात ऐक. ताईने मला विचारलं तेव्हा मी पोथी न उघडता हो म्हटलं. नऊ वर्षांत मी पोथी एकदाही वाचली नव्हती, तरी दरवर्षी समाप्ती झाली असं सांगितलं. शेवटी माझा घसाही बसला नव्हता. हे समोर येईल म्हणून मी थांबले आणि ताईचं ऐकायचं राहिलं. हे काकांनाही सांगितलंस तरी चालेल. दोन लिटर दूध आटव, कढई जाड बुडाची घे, ढवळताना तळ सोड म्हणजे चांगली धरते."

दोन निळ्या खुणा आल्या. मी फोन पर्समध्ये टाकला, पोथी फडक्यात बांधली आणि वर कामाला गेले.